कोपऱ्यातलं नाव

माफ केलं की मन हलकं होतं, असं आमच्या सोसायटीतल्या सत्संगवाल्या बायका सांगतात. माझं मन जड आहे आणि मला ते जडच बरं वाटतं. ज्याला मी मित्र म्हणत होते त्या माणसाने माझ्या बाबांचा हात चोरला आणि स्वतःच्या नावावर बाजारात मांडला. हात म्हणजे हाताचं वळण, आयुष्यभर दुकानांचे बोर्ड रंगवून कमावलेलं. त्याचा मी सूड घेतला. घेताना मजा आली, हेही सांगून टाकते.

बाबा बोर्ड पेंटर. आजोबा मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. बाबांना भोंग्यावर उठणं काही पटलं नाही, त्यांनी ब्रश धरला. भांडुपला स्टेशनपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत एके काळी जी दुकानं होती त्यांतल्या कितीतरींवर त्यांची अक्षरं होती. डेअरी, चपलांचं दुकान, शिवणक्लास, दातांचा दवाखाना. खारीच्या केसांचा चपटा ब्रश ते रेघेच्या शेवटी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये किंचित फिरवायचे, की जाड रेघ बारीक होत होत वळायची. या फिरवण्याला ते पीळ म्हणत. पीळ आला नाही तर ते अख्खं अक्षर पुसून परत काढायचे आणि मालवणीत स्वतःलाच शिव्या द्यायचे.

त्यांचे दोन नेम होते. कोऱ्या पत्र्यावर पहिला हात मारायच्या आधी डाव्या कोपऱ्यात वर एक छोटी श्री काढायची. ती पुसायची नाही, तिच्यावरूनच पांढरा रंग चढवायचा. बोर्ड लागला की ती कोणालाही दिसत नसे, पण ती खाली आहे हे बाबांना माहीत असे. आणि काम संपलं की उजव्या कोपऱ्यात खाली, नखाएवढ्या अक्षरांत, स्वतःचं नाव आणि पुढे भांडुप. गिऱ्हाईक कुरकुरलं की बाबा म्हणायचे, "ज्येचा काम, त्येचा नाव." नाव टाकू न देणाऱ्या एका मिठाईवाल्याचा बोर्ड त्यांनी तसाच उचलून घरी आणला होता. त्याचं पुढे आमच्या गॅलरीवर छप्पर झालं.

मग फ्लेक्स आला आणि बोर्ड पेंटरांची वाट लागली. दुकानदार सकाळी फोटो द्यायचे, संध्याकाळी छापील बोर्ड लटकायचा. बाबांच्या पत्र्यांवर खिळे ठोकून फ्लेक्स ताणले गेले. त्या काळात बाबा स्टेशन रोडने जाताना मान खाली घालून चालायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला वाटायचं, एकेका फ्लेक्सला काडी लावावी.

काडी लावण्याऐवजी मी कॉम्प्युटरवर डिझाइन शिकले आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लेबल छापणाऱ्या कंपनीत लागले. म्हणजे ज्यांनी बाबांना घरी बसवलं त्यांच्याच पंगतीत जाऊन बसले म्हणा. अगरबत्तीचे खोके, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या. आमच्या सगळ्या मशिनवर चित्रं काढायचं महागडं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. एक दिवस शेजारच्या गाळ्यात तपासणी झाल्याची आवई उठली आणि आमच्या मालकांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर बसलं. आम्ही डिझायनर लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या. एक बटण जागेवर सापडेल तर शपथ.

हे सॉफ्टवेअर बसवणारा, आमच्या मशिन सांभाळणारा प्रोग्रामर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मुलुंडचा, चांगल्या शिकलेल्या घरातला, बोलायला गोड. तोच माझा मित्र. मी एकदा वैतागून म्हटलं, "यार, या ब्रशने साधी रेघ धड येत नाही. कोणी बनवलाय हा?"

"तुला नाही आवडला तर तू बनव ना," तो म्हणाला. "आत बघता येतं. महागड्याच्या आत बघता येतं का?"

आणि त्याने मला आत दाखवलं. पडद्यावर कोडच्या ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या कडेला ती लिहिणाऱ्याचं नाव. कोण कुठला जर्मनीतला, कोण ब्राझीलमधला, कोणी कोणाला कधी भेटलेलं नाही, पगार कोणालाच नाही. मी विचारलं, एखाद्याने चूक केली आणि दुसऱ्याने ती सुधारली तर पहिल्याचं नाव जातं का? तो म्हणाला, "नाही गं. इथे काही पुसलं जात नाही. कोणी काय केलं, ते सगळं मागे राहतं. जन्मभर." परवानाही त्यानेच समजावला. हे सॉफ्टवेअर कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा; अट एवढीच की बदललेलं दुसऱ्याच्या हातात देणार असाल तर तुमचा कोडही असाच उघडा द्यायचा, आणि आधीच्यांची नावं पुसायची नाहीत.

मला बाबांचे कोपरे आठवले. सगळ्या जगाने ज्या गोष्टीसाठी बाबांना हटवादी ठरवलं, ती इथे नियम म्हणून लिहिलेली होती.

मी प्रोग्रामिंग शिकले ती एका ब्रशसाठी. बाबांचा चपटा ब्रश, पीळ असलेला. टॅब्लेटच्या स्वस्तातल्या पेनला ते कोणत्या बाजूला फिरतंय हे कळत नाही, त्यामुळे हाताचा वेग आणि रेघेची दिशा यांवरून पीळ कुठे पडणार हे ब्रशने स्वतःच ओळखायचं, अशी माझी कल्पना होती. सुट्टीच्या दिवशी बाबांना टॅब्लेटसमोर बसवायचं. ते दोन रेघा ओढायचे आणि पेन खाली ठेवायचे. "ह्या ब्रशाक केस नाय गो. ही काठी आसा." मी परत आकडे बदलायची. मग, "आता केस इले, पण भिजूक नाय." अशा तक्रारी मी कोडमध्ये उतरवत गेले. तिकडे त्या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातले लोक माझ्या ओळीओळीवर बोट ठेवायचे, इथे हे चुकलं, तिथे ते गबाळं आहे, परत लिहून आण. मला राग यायचा, पण तो राग चांगला होता. माणूस ज्याला किंमत देतो त्याच्याच कामाला नावं ठेवतो, हे मला बाबांमुळे माहीत होतं.

मित्र अधूनमधून भांडुपला यायचा. बाबांच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायचा, त्यांच्या शेजारी बसून रेघा ओढून बघायचा आणि "काका, झकास" म्हणायचा. बाबांना तो आवडायचा. मलाही आवडायचा, उगाच नाही कशाला म्हणू.

ब्रश जुळत आला आणि त्याच सुमारास बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत, मग सगळीकडे. डॉक्टर म्हणाले, हा कंप वाढत जाणार, औषधाने थोडा आवरेल. बाबांनी आपले ब्रश रॉकेलमध्ये धुतले, कागदात बांधले आणि माळ्यावर ठेवून दिले. मी घाईघाईने त्यांच्या हातून टॅब्लेटवर एक श्री काढून घेतली आणि तिची नोंद ब्रशमध्येच घालून टाकली. कोणीही कोरं पान उघडलं आणि हा ब्रश उचलला की पांढऱ्या थराच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, बाबांच्या हातची श्री उमटणार. पत्र्यावर असायची तशीच, दिसणार नाही अशी. तिच्या वेलांटीच्या शेपटाला थोडा थरकाप आला होता. प्रकल्पातल्यांनी विचारलं, हे कशाला? मी कळवलं, आमच्याकडे कामाची सुरुवात अशी होते. त्यांनी मान्य केलं. ब्रशच्या नावांत पहिलं नाव बाबांचं, पुढे भांडुप, मग माझं.

नंतर मित्राने मरोळ सोडलं आणि अंधेरीला स्वतःची कंपनी काढली. माझी नोकरीही सुटून मी घरून कामं घ्यायला लागले. फोन कमी झाले, मग बंद झाले. लोक कामात असतात, म्हणून मी सोडून दिलं.

बाबांना तपासायला घाटकोपरला न्यायचं होतं त्या दिवशीची गोष्ट. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि बाबा रस्त्यातच थांबले. समोर फरसाणाचं नवीन दुकान होतं, वर भलामोठा बोर्ड. जुन्या रंगवलेल्या बोर्डासारखा दिसणारा, पण होता फ्लेक्स. बाबांनी चष्मा नीट केला.

"हो हात माझो आसा," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, चला, ऊन आहे. ते हलेनात. त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक रेघेच्या टोकाला तोच पीळ, तशीच बारीक होत गेलेली रेघ. ते रस्ता ओलांडून बोर्डाखाली गेले आणि मान वर करून उजव्या कोपऱ्यात बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "नाव खंय आसा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. दुकानाच्या मालकाकडून कळलं, पोराने फोनवरच्या एका नवीन ॲपमध्ये बनवलाय, अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीचं आहे. मी तिथेच फुटपाथवर उभी राहून ॲप उतरवलं. माहितीच्या पानावर मित्राचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं की मुंबईच्या बोर्ड पेंटरांची लोप पावलेली कला आमच्या कंपनीने स्वतः संशोधन करून जिवंत केली आहे. बाबा शेजारी उभे होते. लोप पावलेली कला उन्हात घामाघूम होऊन रिक्षा शोधत होती.

घरी येऊन मी त्या ॲपमध्ये कोरं पान उघडलं, त्यांचा ब्रश उचलला आणि मग पांढऱ्या थराचा डोळा बंद केला, म्हणजे डोळ्याचं चिन्ह दाबून तो थर लपवला. डाव्या कोपऱ्यात श्री. वेलांटीच्या शेपटाला थरकाप.

नावं सगळी गेली होती. बाबांचं, माझं, ज्या लोकांनी मला ओळीओळीला झापलं होतं त्यांची, सगळी खरवडून काढलेली. कोड बंद, कुलूप लावलेला. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाने बिळावर स्वतःची पाटीही लावलेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी त्याला आधी सभ्यपणे लिहिलं. परवान्याच्या अटीची त्यालाच आठवण करून दिली. उत्तर त्याच्या ऑफिसातून कोणा तिसऱ्याच माणसाचं आलं की आमचा ब्रश संपूर्णपणे आमचा आहे, आपल्या शुभेच्छांबद्दल आभार. शुभेच्छा! त्या शब्दाने माझ्या आत जे काही मऊ उरलं होतं ते वाळून कडक झालं. मला पैसे नको होते. मला बाबांचं नाव त्या कोपऱ्यात हवं होतं आणि याचं नाक कापलेलं हवं होतं, चार लोकांत.

चार लोक लवकरच मिळाले. अंधेरीच्या एका सभागृहात मराठी तरुण उद्योजकांचा मेळावा होता आणि तो मोठ्या पडद्यावर आपलं ॲप दाखवणार होता. मी बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. ते विचारत होते, लग्न आसा काय? मी म्हटलं, तसंच समजा.

पहिल्या रांगेत त्याची आई, पैठणी नेसून. तो व्यासपीठावर, खादीचं जाकीट घालून. बोलला छान, ते त्याला येतंच. मग म्हणाला, प्रेक्षकांतून कोणीतरी या आणि ब्रश वापरून बघा. मी तयारच होते. मला बघून त्याचा चेहरा एक क्षण उतरला, पण तो हसला. मी पेन घेतलं, एक आडवी रेघ ओढली, आणि पांढऱ्या थराचा डोळा बंद केला.

भिंतीएवढ्या पडद्यावर बाबांची श्री आली. मी माइक घेतला. "ही कोणाच्या हातची आहे, सांगतोस का?"

मला वाटलं होतं, सभागृह थिजेल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या! त्याच्या आईने पडद्याला हात जोडले. मागून कोणीतरी "वा, वा" म्हणालं. त्यांना वाटलं, हे ॲपचंच वैशिष्ट्य आहे. आणि तो पठ्ठ्या, डोळ्यांतली भीती गिळून, माइकजवळ आला.

"बरं झालं विचारलंस," तो म्हणाला. "ज्यांच्या हातातून आमच्या ब्रशने जन्म घेतला ते काका आज इथेच बसलेत. काका, वर या ना, प्लीज."

बाबांना दोघांनी धरून वर नेलं. पाहुण्यांसाठी आणलेल्या शाली होत्याच. एक शाल, एक श्रीफळ, वाकून नमस्कार, फोटो. बाबांनी थरथरत्या हाताने नारळ छातीशी धरला आणि लोक उभे राहिले. मी बाजूला पेन घेऊन उभी. मी त्याचं नाक कापायला गेले होते आणि त्याने माझ्या सुऱ्यावरच शाल पांघरली. आपल्याकडे माणसाला गप्प बसवायचं असलं की त्याचा सत्कार करतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

परत येताना बाबा खूश होते. मी दात-ओठ खात होते. नारळ दुसऱ्या दिवशी कढीत गेला. शाल मी कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून टाकायला घेतली, ती अजून तिथेच असते.

आणि मग त्याच्याच कंपनीने सत्काराचा व्हिडिओ सगळीकडे टाकला. मी तो संतापाने बघत होते, आणि बघता बघता मला हसू फुटलं. त्यात तो स्वतःच्या तोंडाने, मोठ्या पडद्यावरच्या श्रीकडे बोट दाखवून, सांगत होता की हा ब्रश या काकांच्या हातातून जन्मला. म्हणजे संपूर्णपणे आमचा म्हणून पत्र पाठवणारी कंपनी हीच, आणि भर सभेत कबुली देणारा मालकही हाच. हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात.

आमच्या प्रकल्पात एक बाई आहे, परदेशात कुठेशी शाळेत शिकवते आणि मोकळ्या वेळात आमच्या परवान्याची राखण करते. मी तिला व्हिडिओ पाठवला, त्याच्या बोलण्याचं भाषांतर लिहून दिलं, आणि बाबांची तीच श्री त्याचं ॲप जन्मायच्या कितीतरी आधी आमच्याकडे नोंदलेली आहे हे दाखवलं. ती बाई बोलते कमी. तिने त्याला सरळ लिहिलं, कोड उघडा आणि नावं परत टाका, नाहीतर फोनवरच्या ॲप-स्टोअरमधून ॲप काढायला लावू. सोबत त्याचाच व्हिडिओ जोडला. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

तो रविवारी सकाळी भांडुपला आला. मिठाईचा खोका घेऊन. मी खोका दारातच चपलांच्या स्टँडवर ठेवला. बाबांनी "बस रे, चाय घे" म्हटलं, म्हणून तो बसला.

"यार, तू माझी वाट लावतेयस," तो म्हणाला.

"अजून लागली कुठेय? लागतेय."

"नाव टाकतो ना मी. काकांचं पहिलं टाकतो, मोठं टाकतो. तुझंपण. पाहिजे तर कंपनीत ये. फक्त कोड उघडायला लावू नकोस. त्यात माझ्या लोकांची मेहनत आहे गं."

"आणि माझ्या कोडात काय, हवा होती?"

समोर बाबा थरथरत्या हाताने बशीत चहा ओतत होते, अर्धा बाहेर. त्याने नजर फिरवली. माझ्या मनात एक गोष्ट कधीची टोचत होती, ती मी विचारली. "एक सांग. एवढी सगळी नावं खरवडलीस. श्री का ठेवलीस? तीच नडली तुला."

तो खाली बघत म्हणाला, "काढायला बसलो होतो. पण पाडव्याचा मुहूर्त होता, ऑफिसची पूजा नुकतीच झालेली, आई शेजारी बसलेली. श्री कशी पुसणार? नवीन धंदा होता गं."

"म्हणजे देवाला भ्यायलास. बाबांना नाही."

मी पुढे सांगितलं, कोड उघड, सगळा, नावांसकट. तो उठला तेव्हा मी मिठाईचा खोका त्याच्या हातात परत दिला. बाबा मला म्हणाले, चाय तरी पिऊक देऊक होया होतंस. मी म्हटलं, प्यायला ना तो अर्धा.

त्याने कोड उघडला. माहितीच्या पानावरून त्याचा हसरा फोटो गेला, संशोधन गेलं, आणि ब्रशच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, बाबांचं नाव आणि भांडुप आलं. मी बाबांना रिक्षात घालून घाटकोपरच्या त्या फरसाणवाल्याकडे नेलं आणि बोर्ड नवीन छापून लावायला लावला, कोपऱ्यातल्या नावासकट. छपाईचे पैसे माझे. बाबांनी मान वर करून बघितलं. इथे ही गोष्ट संपली असती तर मी फार सुखी झाले असते.

पण मी त्याचा कोड वाचायला बसले. शत्रूचं घर उघडं पडलं की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. मला खात्री होती, सगळा कचरा असणार, आणि त्यावर हसायचं मी ठरवूनच बसले होते. बराचसा कचरा होताही. मग एक भाग लागला, त्याच्या स्वतःच्या हातचा. मरोळला शेजारी बसून त्याची लिहिण्याची पद्धत मी इतकी बघितली होती की नाव नसतं तरी ओळखली असती. नवशिक्यांच्या रेघा वेड्यावाकड्या येतात, त्या सरळ करण्यासाठी त्याने तो लिहिला होता. असं रेघ सरळ करणारं आमच्याकडे आधीपासून होतं, पण ते हाताचा कापरेपणा काढताना पीळही धुऊन टाकायचं. याचं तसं नव्हतं. कापरं कुठलं आणि पीळ कुठला, हे ते ओळखत होतं. ते कोणी लिहू शकलं असतं तर बाबांच्या शेजारी बसून रेघा ओढलेल्या माणसानेच.

मी ते माझ्या मशिनवर बसवलं आणि बाबांना हाक मारली. ते नको नको म्हणत होते. हात आता काही कामाचा नाही, वगैरे. मी पेन हातात दिलं. हात थरथरतच होता, पेनचं टोक टॅब्लेटवर वाजत होतं. पण पडद्यावर रेघ आली ती एकसलग, जाड, आणि शेवटाला पीळ घेऊन वळलेली. बाबांनी हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत हाताकडे. डेअरी हा शब्द त्यांनी पुरा काढला. बाबा रडले तेव्हा मला त्या मित्राचा जन्मभराचा तिरस्कार वाटला, कारण हे त्याने केलं होतं, मी नाही.

"ह्या कोणी केल्यान?" बाबांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते, पण त्याचं नाव सांगितलं. तोच भाग स्वतःच्या पद्धतीने परत लिहून माझं नाव टाकू शकले असते. मला जमला असता, कायदेशीरही झाला असता. मी दोन दिवस त्याच विचारात घालवले. तिसऱ्या दिवशी बाबांनी चपलांच्या दुकानाचा बोर्ड काढायला घेतला होता, कोणासाठी नाही, असाच. काम संपलं, उजव्या कोपऱ्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं, आणि पेन न उचलता त्या पोराबद्दल मला म्हणाले, "त्या झिलाचा नाव घातलंस मा? ज्येचा काम, त्येचा नाव."

मग मी घातलं. प्रकल्पात तो भाग जोडला आणि नावांच्या यादीत बाबांच्या खाली, माझ्याही खाली, त्याचं नाव लिहिलं, अंधेरीसकट. प्रत्येक बदलासोबत एक टीप लिहायची असते, तो बदल कुठून आला याची. माझी टीप मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहिली: हा भाग याने लिहिला आहे. त्याचं नाव जसंच्या तसं ठेवलं आहे, पुसलेलं नाही.

आता जगात कोणीही ते सॉफ्टवेअर उतरवलं की त्याचं नाव आणि ही ओळ बरोबर जाते. लोक विचारतात, पुसलेलं नाही असं वेगळं का लिहिलंय? मग कोणीतरी त्यांना सगळी हकिगत सांगतं. त्याने चांगलं काम केलंय, म्हणून ते नाव फार दूरवर जाणार आहे.

बऱ्याच दिवसांनी त्याचा मेसेज आला. काम नावासकट घेतल्याबद्दल आभार मानले होते, बाबांची चौकशी केली होती, आणि शेवटी होतं, ती ओळ तेवढी काढशील का गं?

बाबा शेजारी बसून टॅब्लेटवर बोर्ड रंगवत होते. मी लगेच उत्तर लिहिलं, "नाही रे. इथे काही पुसलं जात नाही. तूच शिकवलंस ना मला."